डोंगर सगळ्यांचाच आहे, मग आपला वेगळा ट्रेक कशाला?

पत्र थोडक्यात

मध्य रेल्वेच्या डोंबिवली-बदलापूर पट्ट्यात राहणाऱ्या, तिशीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आहे, ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत. कॉलेजपासून ती एका ट्रेकिंग ग्रुपमध्ये आहे, आता ट्रेक लीडही करते, महिला दिनाचा बायकांचा ट्रेक दरवर्षी तिच्याकडेच असतो. ती लेस्बियन आहे. हे तिच्या दोन जवळच्या मैत्रिणींना आणि एका क्वीअर (म्हणजे समलिंगी, ट्रान्स अशा लोकांच्या) सपोर्ट ग्रुपमधल्या लोकांना माहितीये, घरी आई आणि भावाला नाही, ट्रेकिंग ग्रुपमध्ये तर कुणालाच नाही. आता सपोर्ट ग्रुपवाल्यांना एक दिवसाचा ट्रेक काढायचाय, पंचवीस-तीस जण यायला तयार आहेत, त्यातले निम्मे आयुष्यात कधी गड चढलेले नाहीत, आणि लीड तूच कर म्हणून सगळे तिच्या मागे लागलेत. ती म्हणते, "डोंगर कुणाला विचारत नाही तू कोण म्हणून. तिथे तरी सगळे सारखे असतात, मग आपणच आपला वेगळा कप्पा कशाला करायचा? आणि खरं सांगू तर भीतीपण वाटते. गडावर आमच्या ग्रुपचं कुणीतरी भेटणारच, एक फोटो इकडेतिकडे गेला की संपलं. पण नाही म्हणावं तर आपल्याच माणसांना टाळल्यासारखं वाटतं." पुढे तिने असंही लिहिलंय की बसमध्ये लग्नाचा विषय निघाला की ती झोपल्याचं सोंग घेते. आणि एकदा ग्रुपमध्ये दोन मुलांवरून घाणेरडे जोक चालू होते तेव्हा एक सीनियर दादा "पुरे रे आता" एवढंच म्हणाले होते, ते तिच्या डोक्यातून जात नाहीये.

उत्तर

मैत्रिणी, तुझं पत्र वाचताना मी त्या झोपेच्या सोंगापाशीच अडकले. कारण वर तू लिहितेस की डोंगरावर सगळे सारखे असतात आणि थोडं खाली तूच डोळे मिटून बसमध्ये बसलीयेस. दोन्ही खरं आहे. कातळाला, चढाला, पावसाला तुझ्याशी काही देणंघेणं नाही, मान्य. पण ट्रेक म्हणजे नुसता चढ नसतो ना गं, पहाटेची लोकल, पायथ्याचा चहा, डब्यांची वाटावाटी, उतरताना "मग तुझं कधी?" हा प्रश्न, परतीच्या गाडीतली जोड्या लावून केलेली चिडवाचिडवी, हे सगळं धरून ट्रेक होतो, आणि यातल्या बऱ्याचशा वेळात तू स्वतःला आवरून बसलेली असतेस. इतक्या वर्षांच्या सवयीने आता ते तुला वेगळं जाणवतही नसेल. तुझा ग्रुप वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, त्यांच्यावर तुझा जीव आहे हे पत्रात दिसतंच. फक्त तिथे सगळे सारखे असतात हे तुझं वाक्य तू स्वतःवर एकदा तपासून बघावंस असं वाटतं.

वेगळ्या कप्प्याबद्दल मी तुलाच विचारते. महिला दिनाचा ट्रेक नेताना हा प्रश्न तुला पडला होता का? बायका एरवीच्या ट्रेकलाही येतात, पण त्या दिवशी येणाऱ्यांपैकी कितीतरी जणी एरवी येत नाहीत, कुणाला पाळीचं टेन्शन, कुणाला आपण मागे पडलो तर हसतील याचं, कुणाच्या घरचे सगळ्या बायकाच आहेत म्हटल्यावरच सोडतात. आणि त्यातल्या काहीजणी मग नेहमीच्या ट्रेकला यायला लागतात, हे तू माझ्यापेक्षा जास्त बघितलं असशील. तिथे तू कप्पा केलास असं तुला वाटलं नाही, मग इथेच का वाटतंय? माझा अंदाज सांगते, चुकत असेन तर सोडून दे. बायकांच्या ट्रेकला तू बाई आहेस हे कुणाला कळण्याची भीती नसते. इथे असते. कप्प्याचा मुद्दा आणि भीतीचा मुद्दा तू एकात गुंडाळलायस, ते दोन वेगळे ठेव, म्हणजे दोन्हींची उत्तरं सापडतील.

आधी ट्रेक हवाच कशाला ते. आपल्या लोकांना एकत्र भेटायच्या जागा फार कष्टाने उभ्या राहिल्यात. मुंबईत १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट, १९९५ मध्ये बायकांचा स्त्री संगम, जो पुढे लेबिया या नावाने ओळखला जायला लागला, पुण्यात २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांना, समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून बाहेर काढलं त्याच्या कितीतरी आधीपासून ही माणसं काम करत होती. पण आजही या भेटायच्या जागा बऱ्याचदा चार भिंतींच्या आतल्या असतात, नाहीतर रात्रीच्या पार्टीतल्या असतात, नाहीतर डेटिंग अ‍ॅपवरच्या. पार्टीचे पैसे सगळ्यांकडे नसतात, रात्री उशिरा घरी जाता येत नाही, कुणाला दारूचा वासही नको असतो, पन्नाशीच्या माणसाला तिथे आपण जुने झालो असं वाटतं. एक दिवसाच्या ट्रेकला मात्र घरी "ट्रेकला चाललेय" असं सांगता येतं आणि त्यात एक शब्द खोटा नसतो! संध्याकाळी घरी परत. शिवाय पायवाटेवर एकामागे एक चालताना समोरच्याच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, आणि जे कधी कुणाला बोलता आलं नाही ते पुढच्याच्या सॅककडे बघत माणसं बोलून जातात. सपोर्ट ग्रुपच्या मीटिंगमध्ये खुर्च्या गोल मांडून जे होत नाही ते कधीकधी असं होतं. त्यामुळे हा ट्रेक व्हायला हवा यात मला शंका नाही.

तो तूच लीड करायला हवा का, हा वेगळा प्रश्न आहे आणि इथे मी तुला ढकलणार नाही. तुझ्यासमोर हो आणि नाही एवढे दोनच रस्ते नाहीत. तू पडद्यामागे राहू शकतेस, म्हणजे गड निवडणं, रेकी (आधी जाऊन वाट बघून येणं), वेळापत्रक, सामानाची यादी हे तुझं आणि त्या दिवशी लीड करणारा दुसरा कुणी अनुभवी, ज्याला दिसण्याची भीती नाही. तू नुसती पार्टिसिपंट म्हणून जाऊ शकतेस, शेवटून चालत, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा बसमध्ये जागी राहून काय वाटतं ते बघू शकतेस (हा पर्याय मला तुझ्यासाठी सगळ्यात आवडलाय, पण नवख्यांचा भरणा बघता तुला गप्प बसवणार नाही हेही कळतंय). किंवा तू लीड कर. लीड केलं म्हणजे जगाला सांगितलं असं होत नाही, ट्रेक लीडर ऑफिसच्या, सोसायटीच्या, शाळेच्या ग्रुपबरोबर जातच असतात. गडावर ओळखीचं कुणी भेटलं तर "मैत्रिणीच्या ओळखीतले लोक आहेत, नवीन आहेत, म्हणून आलेय" हे खरंच आहे. पण समोरच्याने मनात काहीतरी ताडलंच तर ते तुला पेलेल का, हे आधी स्वतःला विचार. उत्तर नाही असेल तर यावेळी लीड करू नकोस, आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. जी अजून घरी राहते, जिच्या घरच्यांना काही माहीत नाही, तिने स्वतःला जपणं याला टाळणं म्हणत नाहीत.

आणि नक्की कशाची भीती आहे तेही बघ. ग्रुपला कळेल ही एक, आईला कळेल ही दुसरी. ग्रुपला कळलं तर काही माणसं तुटतील, त्रास होईल, पण तू कमावती आहेस, डोंगर कुणी काढून घेणार नाही. आईचं प्रकरण नाजूक आहे आणि ते तुझ्या वेळेला, तुझ्या तोंडून कळावं. ग्रुपमधलं कुणी तुझ्या घरी येतंजातं का? भावाशी इन्स्टावर जोडलेलं आहे का? असेल तर फोटोची काळजी दुप्पट घ्यायला हवी. नसेल तर भीती थोडी कमी करता येईल.

आता हो म्हणालीस असं धरून चालते, कारण असे ट्रेक बाकीच्या गावांतही लोकांना काढायचे असतात आणि पुढचं त्यांनाही उपयोगी पडेल.

पंचवीस-तीस जण एकदम नेऊ नकोस. निम्मे नवखे असताना बारा ते पंधरा खूप झाले, बरोबर तू धरून तीन अनुभवी, एक पुढे, एक मधे, एक शेवटी. उरलेल्यांचा दुसरा ट्रेक काढा. गड साधा निवडा, कलावंतीण किंवा हरिहर रीलमध्ये छान दिसतात पण पहिल्याच ट्रेकला त्या पायऱ्यांवर कुणाचे पाय लटपटले तर तो माणूस परत येणार नाही. मला कोथळीगड म्हणजे पेठचा किल्ला बरा वाटतो, नेरळ नाहीतर कर्जतला उतरून कशेळेमार्गे आंबिवली, तिथून पेठ गावापर्यंत मळलेली वाट, शेवटचा चढ तेवढा दमवतो. वर भैरोबाची ऐसपैस गुहा आहे, सगळ्यांना मावून बसून बोलता येतं, आणि सुळक्याच्या आतून कोरलेला जिना आहे त्याने माथ्यावर जाता येतं, ज्यांना नको ते गुहेत थांबतील. पावसात त्या पायऱ्या निसरड्या असतात म्हणून जून ते सप्टेंबर नको. दिवाळीनंतरचा शनिवार धरा, रविवार टाळा, गर्दीही कमी आणि तुमच्या ग्रुपचं कुणी भेटायची शक्यताही कमी. आणि डोंबिवलीच्या पुलावर जमू नका, थेट नेरळला भेटा.

नावनोंदणीचा फॉर्म नीट कर, सगळी काळजी तिथेच घ्यायची असते. कुठल्या नावाने हाक मारायची हे विचार आणि आधारवरचं नाव फक्त एकाच माणसाकडे ठेव, वाटेत हजेरी घेताना ते उच्चारायचं नाही. इमर्जन्सी कॉन्टॅक्ट तर घ्यायचाच, पण त्याच्या खाली अजून एक ओळ घाल, "यांना फोन करावा लागला तर कुठल्या ग्रुपबरोबर आहात असं सांगायचं?" पाय मुरगळला म्हणून आईला फोन गेला आणि त्याच फोनवर सगळं कळलं असं कुणाचं होऊ नये. अठराच्या वर असल्याची खात्री करून घे, यात मात्र दयामाया नको, सतरा वर्षांच्या मुलाला कितीही गरज असली तरी त्याच्या घरच्यांना न सांगता त्याला डोंगरात नेता येत नाही, त्याला टिसच्या (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसच्या) आयकॉल हेल्पलाइनची माहिती दे, तिथे फोनवर समुपदेशक बोलतात. प्रत्येकाशी आधी पाच मिनिटं फोनवर बोल आणि भेटायची जागा-वेळ नंतरच कळव. फेक प्रोफाइल करून लोकांना गाठायचं आणि घरी सांगेन म्हणून पैसे उकळायचे असे प्रकार होतात, म्हणून हे. तसं कुणाच्या बाबतीत झालंच तर पैसे देऊ नका, मेसेज डिलीट करू नका, खंडणी हा गुन्हा आहे आणि तक्रार करताना एखादी संस्था बरोबर असली तर धीर येतो.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. सगळ्यांची तयारी नसेल तर ब्रॉडकास्ट लिस्ट वापर, आणि ग्रुप केलाच तर नाव "पेठ शनिवार" असलं साधं ठेव, डीपीला गडाचा फोटो. यूपीआयने पैसे घेताना देणाऱ्याचं बँकेतलं नाव दिसतं, हे कागदोपत्री जुनंच नाव असलेल्या ट्रान्स मित्रमैत्रिणींना आधी सांगून ठेव आणि त्यांच्याकडून रोख घ्यायची सोय ठेव, नोटमध्ये फक्त "ट्रेक" लिहायला सांग.

फोटोचा नियम लेखी असू दे. फोटो नाही, हीच सुरुवात. ज्यांना चालतो त्यांनी सॅकला रंगीत रिबन बांधायची, रिबनवाल्यांचेच फोटो काढायचे, गुहेत एक वेळ ठरवून. मागे कोण येतंय ते बघूनच क्लिक करायचं, आणि त्या दिवशी लोकेशन टाकून स्टोरी लावायची नाही, घरी गेल्यावर लावा. एवढं कडक कशाला असं कुणीतरी म्हणेलच. त्याला सांग की तुला सगळं जग मोकळं झालंय पण तुझ्या शेजारी चालणारीला अजून घरी जेवायला बसायचंय.

आता शरीराचं, कारण नेहमीच्या ट्रेकच्या यादीत हे कधी नसतं. जे ट्रान्स पुरुष बाइंडर (छाती सपाट दिसावी म्हणून घालायचा घट्ट कपडा) वापरतात त्यांना आधीच सांग की चढताना घट्ट बाइंडर नको, छाती पूर्ण फुलत नाही, दम लागतो, उन्हात चक्कर येऊ शकते. स्पोर्ट्स ब्रा आणि वर सैल टीशर्ट बरा. क्रेप बँडेज गुंडाळून तर कुणीही येऊ नये, ते श्वासाबरोबर आवळत जातं आणि बरगड्यांना इजा होते. काही ट्रान्स बायका स्पायरोनोलॅक्टोन (पुरुषी हार्मोनचा परिणाम दाबणारं औषध) घेतात, त्याने लघवी जास्त होते आणि पाणी कमी पडू शकतं, त्यांनी तीन लिटर पाणी जवळ ठेवावं आणि ओआरएसचं आपल्या डॉक्टरांना विचारून यावं, कारण त्या औषधाने पोटॅशियम वाढू शकतं आणि ओआरएसमध्येही पोटॅशियम असतं. लघवीला कुठे जायचं ते सगळ्यांसमोर विचारायची वेळ येऊ देऊ नकोस, पेठ गावात कुणाच्या घरी सोय होईल ते रेकीला ठरव, आणि वर बाया इकडे पुरुष तिकडे असं न करता दोन-दोनच्या जोडीने जायचं आणि तिसऱ्याने वाटेवर थांबायचं एवढा नियम कर. सॅनिटरी पॅड फर्स्ट एडच्या पिशवीत ठेव, कुणी मागितलं तर काही न विचारता द्यायचं.

गावात पंधरा वेगवेगळ्या वयाची आणि दिसण्याची माणसं बघून कुणी काकू विचारतीलच, तुम्ही सगळे एकाच ऑफिसातले का गं? मित्रमंडळी आहोत, पुरे. बहुतेक ठिकाणी तेवढ्यावर गाडी जेवायला किती भाकऱ्या यावर येते. पण एखाद्या ट्रान्स मैत्रिणीकडे कुणी टक लावून बघत असेल किंवा काही बोललं तर तिला एकटीला उत्तर द्यायला लावू नका, अनुभवी तिघांपैकी एकाने शांतपणे मधे येऊन बोलायचं आणि ग्रुप पुढे न्यायचा. इंद्रधनुषी झेंड्याचा विषय निघेल. माझं मत, पहिल्या ट्रेकला झेंडा नको. त्यात लाजण्यासारखं काही आहे म्हणून नाही, पण झेंडा निघाला की अनोळखी लोकांचे मोबाइल वर येतात आणि रिबन न बांधलेल्या माणसाने मग कुठे तोंड लपवायचं? शिवाय गडाशी लोकांच्या भावना जोडलेल्या असतात, तिथे वाद ओढवून घ्यायला पहिला ट्रेक ही जागा नव्हे. पुढे कधी सगळ्यांनी मिळून ठरवलंत तर ठरवा.

दारू नाही हे तू एरवीही सांगत असशील. त्याच्याबरोबर हेही सांग की हा ट्रेक जोडीदार शोधायला आलेल्यांसाठी नाही, ओळखी होतील, कुणाचं जमेलही, पण एकदा नाही म्हटल्यावर परत मागे लागायचं नाही. त्रास झाला तर कुणाला सांगायचं, अशी वेगवेगळ्या जेंडरची दोन माणसं आधीच नेमा. आपल्यातलाच आहे म्हणून सांभाळून घेतलं असं झालं की आधी बायका यायच्या बंद होतात. आणि पैसे घेऊन असे ट्रेक नियमित काढायचे ठरलं तर राज्याचं २०२१ चं साहसी पर्यटन धोरण वाचा, त्यात आयोजकांनी नोंदणी करायची आहे. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरची हेल्पलाइन तिघांच्याही मोबाइलमध्ये सेव्ह असू दे.

राहिले ते दादा. "पुरे रे आता" वरून ते तुझ्या बाजूचे आहेत असं मी सांगू शकत नाही, कंटाळा आला म्हणूनही माणूस असं म्हणतो. पण इतक्या वर्षांत त्या एका वाक्याची आठवण तू जपून ठेवलीयेस, म्हणजे ग्रुपमध्ये एका तरी माणसाला कळावं असं तुला कुठेतरी वाटतंय. घाई नको. लगेच स्वतःबद्दल सांगू नकोस, आधी एखाद्या बातमीवरून, सुप्रीम कोर्टाच्या २०२३ च्या समलिंगी लग्नाच्या निकालावरून म्हण हवं तर, विषय काढ आणि ते काय बोलतात ते ऐक. थट्टेवारी नेली तर तुला कळलं. नीट बोलले तर पुन्हा कधीतरी अजून थोडं. उतरताना दोघंच मागे असताना बोलणं सोपं जातं, ग्रुपवर मेसेज टाकून नको. आणि नाहीच सांगावंसं वाटलं तरी काही बिघडत नाही, तुझी दोन माणसं आहेत, सपोर्ट ग्रुप आहे.

तर सपोर्ट ग्रुपवाल्यांना उत्तर देताना नुसतं हो किंवा नाही असं देऊ नकोस, अटी सांग. पंधराच माणसं, दिवाळीनंतरचा शनिवार, बरोबर अजून दोन अनुभवी, फोटोचा नियम लेखी, आणि आधी तिघांनी जाऊन रेकी. यातलं काही त्यांना जमत नसेल तर गड आणि वेळापत्रक काढून दे आणि लीड दुसऱ्या कुणाकडे जाऊ दे. जमत असेल तर रेकीला गेलीस की पेठमध्ये जेवणाचं तेव्हाच सांगून ये, पंधरा जणांचं पिठलं-भाकरी ऐनवेळी होत नाही.